चार समान वाटे आणि एक चुंबन : इटलीतील ‘बाची दि दामा’

इटलीच्या वायव्येस पिडमाँट प्रांतात, मिलान, जिनोव्हा आणि तुरीन या तीन मोठ्या शहरांच्या मध्ये टोर्टोना नावाचे एक जुने गाव आहे. एकोणिसाव्या शतकात या गावात जन्मलेले एक बिस्कीट आज इटलीभर मिठाईच्या दुकानांत वजनावर विकले जाते. त्याचे नाव ‘बाची दि दामा’, म्हणजे ‘कुलीन स्त्रीची चुंबने’. नाव आपल्याकडील वडीलधाऱ्यांना किंचित संकोचात टाकणारे असले, तरी त्यामागची कल्पना निर्मळ आहे. दोन छोटे अर्धगोल चॉकलेटच्या थेंबाने एकमेकांस चिकटविले, की मिटलेल्या ओठांचा आकार दिसतो, एवढेच.

अंडे वर्ज्य असणाऱ्या कुटुंबांना या पदार्थाविषयी विशेष आस्था वाटावी, असे त्याचे घटक आहेत. हेझलनट, मैदा, साखर आणि लोणी ही चारही द्रव्ये सारख्याच वजनाची आणि मधल्या थरास काळे चॉकलेट. पारंपरिक कृतीत अंड्यास स्थानच नाही.  आपली नानखटाई मैदा, साखर आणि तूप यांवर उभी असते, तिच्याशी याचे नाते सहज जुळते.

मात्र केवळ ‘बाची’ हा शब्द पाहून निर्धास्त होणे प्रवाशाला महागात पडेल. किनारपट्टीकडील लिगुरिया प्रांतात, अलास्सिओ या गावी ‘बाची दि अलास्सिओ’ मिळतात. दिसायला भावंडेच, हेझलनट आणि कोकोही त्यांत असतो. परंतु त्यांचे पीठ अंड्याच्या पांढऱ्या बलकाने बांधलेले असते. पेरुजिया गावाची 1922 पासूनची ‘बाची’ तर बिस्किटे नव्हेतच, ती हेझलनट घातलेली चॉकलेटे आहेत. शिवाय काही आचारी टोर्टोनाच्या कृतीतही चमचाभर मद्य घालतात. तेव्हा दुकानात उभे राहून दोन प्रश्न विचारावेतच : अंडे आहे काय, आणि मद्य आहे काय?

हेझलनट आणि चॉकलेट यांची जोडी पिडमाँटमध्येच का जमली, याचे उत्तर टंचाईत आहे. 1806 मध्ये नेपोलियनने ब्रिटिश व्यापाराची नाकेबंदी केली, तेव्हा कोको दुर्मीळ आणि महाग झाला. तुरीनच्या चॉकलेटकारांनी मग स्थानिक हेझलनटची पूड मिसळून कोको पुरवून वापरण्यास आरंभ केला, असे सांगितले जाते. 1865 च्या सुमारास त्यातूनच ‘जांदुयोत्तो’ हे प्रसिद्ध चॉकलेट आले. दुसऱ्या महायुद्धानंतर कोकोची चणचण पुन्हा उद्भवली, आणि आल्बा गावच्या पिएत्रो फेरेरो यांनी 1946 मध्ये हेझलनटचीच कास धरली. त्यांच्या घराण्याचे ‘नुटेला’ 1964 चे.

हे फळ पिकते ते लांगे या डोंगराळ भागात. आज द्राक्षमद्यामुळे संपन्न दिसणारा हा टापू पूर्वी दारिद्र्यासाठी ओळखला जाई. आल्बाचे लेखक बेप्पे फेनोलिओ यांच्या 1954 च्या ‘ला मालोरा’ या लघुकादंबरीत तेथील शेतकऱ्याची हलाखी आहे. तरुण पोरे शहरातील कारखान्यांकडे निघून जात. फेरेरोंच्या कारखान्याने खेड्यापाड्यांतून कामगारांना ने-आण करणाऱ्या बसगाड्या सुरू केल्या, त्यामुळे अनेकांना घर आणि शेत न सोडता नोकरी करता आली. कर्जवाटपाच्या कितीतरी योजनांहून ती बस अधिक उपयोगी ठरली असावी. येथील गोल, सुगंधी हेझलनटला 1993 मध्ये भौगोलिक संकेताचे संरक्षण मिळाले. जगातील बहुतांश हेझलनट तुर्कस्तानातून येत असल्याने, हा शिक्का लांगेच्या शेतकऱ्यास भावाच्या स्पर्धेत थोडा आधार देतो.

आता कृती. प्रत्येकी 100 ग्रॅम हेझलनट, मैदा, साखर आणि मीठविरहित थंड लोणी घ्यावे. हेझलनट 150 अंशांवर दहा-बारा मिनिटे भाजून, फडक्यात चोळून साल काढावी आणि ती पूर्ण थंड होऊ द्यावीत. गरम असताना दळली, तर तेल सुटून पिठाऐवजी लगदा होतो. दळताना थोडी साखर सोबत घालावी, म्हणजे तीच तेल शोषून घेते. मग सर्व द्रव्ये एकत्र करून, जेमतेम गोळा जमेल इतकेच मळावे. अंडे नसल्याने बांधून ठेवणारे येथे फक्त लोणी आहे, आणि सारी कसोटी त्याच्या थंडपणाची आहे. पीठ तासभर शीतकपाटात ठेवावे, सुपारीएवढे, सुमारे आठ ग्रॅमचे गोळे वळावेत आणि ताटासह पुन्हा शीतकपाटात ठेवावेत. या दुसऱ्या विश्रांतीचा कंटाळा केला, की भट्टीत गोळे पसरून चपटे होतात. मग चुंबन कसले, चकती होते.

एकूण 400 ग्रॅम पिठातून सुमारे 50 गोळे, म्हणजे 25 जोड्या होतात. 150 ते 160 अंशांवर पंधरा ते वीस मिनिटांत ते फिकट सोनेरी होतात. लगेच उचलू नयेत. गरम असताना ते बोटांत चुरा होतात. पूर्ण निवल्यावर सारख्या आकाराचे जोडीदार निवडावेत. वितळलेले काळे चॉकलेट पातळ असेपर्यंत थांबावे. ते किंचित घट्ट झाले की एका अर्ध्या भागावर थेंब ठेवून दुसरा अलगद दाबावा. पातळ चॉकलेट कडेने ओघळते आणि सारी नजाकत जाते. चॉकलेट घट्ट झाल्यावर हवाबंद डब्यात ठेवावीत. दुसऱ्या दिवशी हेझलनटचा गंध अधिक खुलतो, म्हणून पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशीच करून ठेवावीत.