तीन हजार वर्षांपूर्वीच्या लेकरांचे दात

मैत्रिणींनो, आपल्या गिरणेकाठी टेकवाड्याला जुनी दफनं सापडली आहेत. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून खोदकाम केलं. तिथं तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांत, जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत बाळं पुरलेली निघाली. घरातच! आईला लेकरू लांब नको असेल, असं आपलं आम्हाला वाटतं.

मोठ्या माणसाचा सांगाडा बाईचा की पुरुषाचा, हे कमरेच्या हाडावरून कळतं; बाळंतपणासाठी बाईचं रुंद असतं. लेकराचं तसं कळत नाही, पण त्याचे दात बोलतात. हिरडीत दात घडताना मोठं आजारपण किंवा उपासमार झाली, की वरचा कठीण थर नीट बनत नाही, आडवी रेघ उरते. मोडलेलं हाड जुळतं. ही रेघ भरून येत नाही. समोरचे पक्के दात पहिल्या चार-पाच वर्षांतच घडतात. म्हणून बैठकीला येताना अंगणवाडीचं वजनाचं कार्ड आणा, असं आम्ही सारखं म्हणतो.