आधी वर बसलेलं काढा, मग रंगाला हात लावा

धुळ्याकडून निघालेला मुंबई-आग्रा महामार्ग सावळद्याला तापी ओलांडतो, शिरपूरला बगल देतो आणि सांगवी, हाडाखेड, पळासनेर करत सातपुड्यात शिरतो. पुढे मध्य प्रदेशाच्या हद्दीत बिजासनचा घाट लागतो. या रस्त्यावर रात्रंदिवस मालट्रक चालतात, आणि घाट उतरणारा भरलेला ट्रक जितका इंजिनाच्या जोरावर उतरतो तितकाच ब्रेकच्या. शिरपूरकरांच्या गाड्या याच हवेत उभ्या असतात. सकाळी दारापुढच्या गाडीवर कोरडा फडका फिरवायचा आणि दोन-तीन वर्षांनी रंग मळकट दिसू लागला की गॅरेजमध्ये नेऊन ‘रबिंग-पॉलिश’ मारून आणायचं, ही आपली सर्वमान्य पद्धत. माझं म्हणणं असं, की या पद्धतीत एक पायरी गाळली जाते आणि तिची किंमत गाडीचा रंग मोजतो. ती पायरी म्हणजे क्ले बार. साबणासारखी दिसणारी, हाताने मळता येणारी ही वडी काहीशे रुपयांना मिळते. रंगावर चिकटून बसलेला कचरा ती उचलते, आणि बराचसा रंग जागच्या जागी राहू देते.

आता हा कचरा कोणता? धूळ नव्हे. धूळ पाण्याने जाते. न जाणारा ऐवज वेगळाच असतो. ब्रेक दाबला की डिस्कचा किंवा ड्रमचा आणि लायनिंगचा भुगा उडतो. त्यात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण असतात, उडताना ते तापलेले असतात आणि रंगाच्या वरच्या थरात रुततात. पुढे दव, पाऊस, धुण्याचं पाणी लागून ते गंजतात, आणि गंजताना लोखंड फुगत असल्याने आजूबाजूच्या थरावर ताण येतो. पांढऱ्या गाडीच्या मागच्या दारावर किंवा डिकीच्या झाकणावर पुळीसारखे नारिंगी ठिपके दिसतात ते हेच. भारतात सर्वांत जास्त खपतात त्या पांढऱ्याच गाड्या, म्हणून तिथे ते दिसतात एवढंच. काळ्या गाडीवरही ते असतात, नजरेला पडत नाहीत. रेल्वेची चाकं आणि रूळ एकमेकांवर घासूनही असाच लोखंडी भुगा उडतो. भुसावळसारख्या जंक्शनच्या आसपास किंवा नरडाण्याला रुळांजवळ गाडी लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दुसरा ऐवज डांबराचा. तापीच्या खोऱ्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा नव्या डांबरी रस्त्यावरून गेलेल्या गाडीच्या खालच्या पट्टीवर काळे शिंतोडे बसणारच. तिसरा झाडांचा. आंब्यावरचे तुडतुडे, कपाशीवरचा आणि इतर झाडांवरचा मावा जो गोड चिकटा टाकतो, तो शेतकऱ्याला वेगळा सांगायला नको. सावली बघून आंब्याखाली लावलेल्या गाडीच्या टपावर तोच चिकटा पडतो, त्यावर धूळ बसते आणि ऊन त्याची खपली करतं. आणि चौथा, ज्याकडे कोणाचंच लक्ष नसतं: हवेत उडालेला रंग. महामार्गाच्या कडेला ट्रकच्या बॉडीवर उघड्यावर स्प्रे मारला जातो. त्या फवाऱ्याचे थेंब वाऱ्याबरोबर जातात आणि शेजारी उभ्या असलेल्या गाडीवर जाऊन वाळतात. घरांच्या लोखंडी फाटकांना रंग देतानाही हेच घडतं.

यातलं काय आपल्या गाडीवर आहे हे डोळ्यांना कळत नाही, बोटांनाही पुरतं कळत नाही. त्यासाठी एक फुकटची परीक्षा आहे. गाडी धुऊन कोरडी करावी, हातात भाजीची पातळ प्लास्टिक पिशवी घालावी आणि बॉनेटवरून बोटांची टोकं अलगद फिरवावीत. प्लास्टिकमुळे कातडीची पकड जाते आणि फक्त उंचसखलपणा उरतो. स्वच्छ वाटणाऱ्या बॉनेटवर रवा सांडल्यासारखी खरखर लागते. मग दाराच्या खालच्या भागावर, टपावर, मागच्या काचेवर हात फिरवून पाहावा. खरखर कुठे जास्त आहे त्यावरून ती कुठून आली याचा अंदाज येतो: टपावर असेल तर झाडाची किंवा उडालेल्या रंगाची, खाली असेल तर रस्त्याची.

ही खरखर काढायला गॅरेजवाला रबिंग कंपाउंड आणि बफिंग मशीन घेतो, आणि इथेच माझा मुख्य आक्षेप आहे. आजच्या गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. कारखान्यात दिलेले हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यात क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे साध्या कागदाच्या साधारण निम्म्या जाडीचा. चकाकी त्याची, आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवण्याचं कामही त्याचंच. कंपाउंड हा थर घासून कमी करतं. त्याचं कामच ते आहे. ओरखडे घालवायचे तर दुसरा इलाज नसतो, हे मान्य. पण ज्या गाडीचं दुखणं ‘वर काहीतरी बसलंय’ एवढंच आहे, तिचा वर बसलेला कण काढण्यासाठी कणाभोवतालचा सगळा थर खरवडण्यात शहाणपण नाही. त्याहून वाईट म्हणजे मशीनच्या पॅडखाली सापडलेला लोखंडाचा कण सुटतो, पॅडमध्ये अडकतो आणि गोल फिरत राहतो. पॉलिश करून आणलेल्या गाडीवर दुपारच्या उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतात, त्यातली पुष्कळशी अशीच पडलेली असतात.

क्ले बारचा जन्म नेमका याच अडचणीतून झाला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस जपानमधल्या बॉडी शॉपमध्ये उडालेल्या रंगाचे थेंब काढण्यासाठी असा पदार्थ वापरला जाऊ लागला. तादाओ कोदाते यांना १९९५च्या डिसेंबरमध्ये त्याचं अमेरिकी पेटंट मिळालं. त्यात या वस्तूचं वर्णन मळता येणारा, लवचीक घासण्याचा दगड असं आहे. त्यामुळे ‘क्ले अजिबात घासत नाही’ असं सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नये. पॉलिब्युटीनसारख्या लवचीक, चिकट पदार्थात अगदी बारीक, घासणारी पूड मिसळून ही वडी बनते. शेतातल्या काळ्या मातीशी तिचा काही संबंध नाही, आणि माती किंवा राख वापरून तिची नक्कल करण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. काळ्या मातीत बारीक खडे असतात, त्यांनी रंगाचं वाटोळं होईल.

कंपाउंडही घासतं आणि क्लेही घासतो, मग फरक काय? फरक आहे तो घासलं काय जातं यात. क्ले वापरताना रंगावर पाण्याचा, साबणाचा किंवा खास निसरड्या फवाऱ्याचा थर ठेवावा लागतो. वडी त्या थरावरून तरंगत जाते. सपाट रंगाशी तिची गाठ जवळपास पडत नाही, पण थरातून डोकं वर काढलेला कण वडीला अडतो, सुटतो आणि तिच्यात रुतून बसतो. कंपाउंडला सपाट आणि उंच असा भेद इतका चांगला करता येत नाही. म्हणूनच ओलावा ही क्लेच्या कामातली निम्मी गोष्ट आहे. कोरड्या रंगावर तीच वडी सँडपेपरच्या वाटेने जाते.

हातात घेतल्यावर काय होतं ते जरा जवळून पाहू. आधी गाडी नीट धुवायची. नव्या वडीचे तीन-चार तुकडे करायचे, एक घ्यायचा, बाकीचे डबीत. तुकडा कोमट पाण्यात बुडवून मळायचा आणि तीन बोटांखाली मावेल अशी चपटी चकती करायची. बॉनेटच्या दीड-दोन फुटी चौकोनावर शाम्पूचं पाणी भरपूर शिंपडायचं आणि चकती सरळ रेषेत, पुढे-मागे, जोर न लावता फिरवायची, गोल नाही. सुरुवातीला ती अडखळते, बारीक करकर ऐकू येते. आठ-दहा फेऱ्यांत आवाज मंदावतो, मग बंदच होतो आणि चकती लोण्यावरून जावी तशी सरकते. तो चौकोन झाला. आता चकती उलटून पाहा. पिवळट किंवा निळ्या क्लेवर तपकिरी-काळे पट्टे उमटलेले असतात, आणि हे पट्टे नुकत्याच धुतलेल्या गाडीवरचे असतात हे विसरू नका. चकती घडी घालून पुन्हा मळायची, स्वच्छ बाजू वर आणायची, पुढचा चौकोन घ्यायचा. घडी घालायला जागाच उरली नाही की तुकडा टाकून द्यायचा. एक नियम मात्र कडक: क्ले जमिनीवर पडला की तो गेला. पाण्याने धुऊन चालत नाही; रुतलेला खडा आत शिरतो आणि पुढच्या हाताला रंगावर रेघ ओढतो. तुकडे करायचे ते यासाठीच, म्हणजे एकाच्या पडण्याने सगळी वडी वाया जात नाही.

पहिला आक्षेप घेतला जातो तो ओरखड्यांचा, आणि तो पूर्ण खोटा नाही. जाड प्रतीच्या क्लेने, किंवा पाणी कमी पडलं तर बारीक प्रतीच्यानेही, गडद रंगावर धूसर रेघा येतात. म्हणून घरी वापरायला बारीक प्रतच घ्यावी. पण तुलना कशाशी करायची? ‘काहीच न करणं’ हा पर्याय आपल्याकडे फारसा नसतोच. असतो तो रोजचा कोरडा फडका. धुळीने माखलेल्या पत्र्यावर दररोज फिरणारा फडका वर्षभरात जे करतो, त्यापुढे वर्षातून एकदा ओल्या रंगावर फिरलेला क्ले किरकोळ आहे. क्लेला घाबरणाऱ्याने आधी फडक्याला घाबरावं.

‘आज घासली तरी उद्या धूळ बसणारच’ हा दुसरा आक्षेप. बसेलच, पण बसणं आणि रुतणं या दोन वेगळ्या गोष्टी. गुळगुळीत झालेल्या रंगावर, आणि त्यावर लगेच मेण किंवा सीलंट लावलं असेल तर अधिकच, बसलेली धूळ साध्या पाण्याने निघते. हे मेण लावणं ऐच्छिक नाही, कारण क्लेने जुनं मेणही उतरतं आणि रंग उघडा पडतो. पाण्याचा आक्षेप शिरपुरात तरी गांभीर्याने घ्यायला हवा. २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद-खोल करून आणि बंधारे बांधून पाणी जिरवणाऱ्या ‘शिरपूर पॅटर्न’च्या तालुक्यात नळी लावून गाडी धुणं शोभत नाही. पण क्लेला नळी लागतच नाही. दोन बादल्या धुण्याला आणि एक क्लेला, एवढ्यात भागतं. शिवाय गुळगुळीत गाडीला पुढच्या धुण्यात पाणी कमी लागतं.

सध्याचा सर्वांत मोठा आक्षेप सिरॅमिक कोटिंगचा: ‘नवी गाडी घेतानाच कोटिंग केलं, आता क्ले कशाला?’ इथे उलट विचार करावा लागतो. नवी गाडी कारखान्यातून थेट घरी येत नाही. नाशिकची असो वा चाकणची, ती ट्रेलरवर चढून महामार्गाने येते आणि यार्डात उघड्यावर उभी राहते. तिच्यावर कण आधीच बसलेले असू शकतात. ते न काढता वर कोटिंग मारलं तर कण कायमचे आत बंद होतात. म्हणजे कोटिंग घ्यायचं असेल तर क्लेची गरज जास्त. कोटिंग झाल्यावर मात्र क्ले शक्यतो टाळावा, कारण तो कोटिंगवरही घासतो.

क्लेला काय जमत नाही हेही सांगायला हवं, नाहीतर हा लेख जाहिरात होईल. ओरखडे त्याने जात नाहीत. पाखरांच्या विष्ठेने उन्हात रंग खाल्ला असेल तर तो खड्डा असतो, आणि क्ले उंचवटे काढतो, खड्डे भरत नाही. विंधन विहिरीच्या जड पाण्याचे पांढरे डाग ताजे असतील तर काही निघतात. जुन्यांसाठी पाण्यात पातळ केलेलं व्हिनेगर थोड्या जागेवर लावून लगेच धुणं बरं. डांबर आधी टार रिमूव्हरने मऊ करून पुसावं, क्लेने ओढत बसू नये. लोखंडाचे ठिपके फार असतील तर आयर्न रिमूव्हर मारावा. त्यातलं अमोनियम थायोग्लायकोलेट लोखंडाशी संयोग पावून जांभळं होतं, आणि पांढऱ्या गाडीवरून जांभळे ओघळ उतरताना पाहिले की ब्रेकच्या भुग्याबद्दल कोणाला वेगळं पटवावं लागत नाही. वास मात्र सडक्या अंड्याचा येतो. क्लिअर कोट नसलेल्या जुन्या जीपवर किंवा अँबेसेडरवर चकतीला गाडीचा रंग लागेल. तो वरचा निस्तेज झालेला थर असतो, घाबरायचं कारण नाही, पण हात आवरता घ्यावा. मॅट रंगाला क्ले लावूच नये, आणि नुकता रंगकाम केलेला भाग निदान महिनाभर तसाच सोडावा.

खानदेशात या कामाला पावसाळा संपल्यानंतरचे दिवस बरे. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्यावर पाणी टिकत नाही आणि क्ले हातात पाघळतो. दसऱ्याच्या पूजेचे हार उतरले, दिवाळीची आवराआवर झाली, की एखाद्या सकाळी गाडी सावलीत घ्या आणि पिशवीची परीक्षा करा. हात गुळगुळीत फिरला तर यंदा क्ले विकत घेऊ नका. खरखर लागली आणि गॅरेजमध्येच जायचं असेल, तर मशीन सुरू होण्याआधी ‘क्ले केला का?’ एवढं विचारा. उत्तर ‘त्याची गरज नाही’ असं आलं, तर गाडी परत घेऊन या.