सिस्टर आज रजेवर आहेत

दवाखान्यात आपले माणूस ठेवण्याची वेळ कुणावर येऊ नये. पण ती येतेच. आणि ती आली म्हणजे आपण एरवीची समजूतदार माणसे दोन दिवसांत कशी बदलून जातो, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. सलाईनची बाटली संपत आलेली असते, रुग्ण कण्हत असतो, आपण धावत टेबलापाशी जातो, आणि ओळखीच्या सिस्टरऐवजी भलतीच कुणी मुलगी वहीतून मान वर न करता सांगते, "सिस्टर आज रजेवर आहेत. आजारी आहेत." झाले! आपला पारा चढतो. नर्सने आजारी पडावे म्हणजे काय? आगगाडीच्या ड्रायव्हरने गाडी चुकवण्यासारखेच ते आपल्याला वाटते.

२०२२ साली वडिलांच्या आजारपणात मीही याहून वेगळी वागले नाही. त्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर आठवड्यात दुसऱ्यांदा आल्या नव्हत्या. बाई पन्नाशीच्या पुढच्या, चालताना जरा झुकणाऱ्या. मी तणतणत परत आले आणि म्हणाले, "या वयात झेपत नसेल तर घरी बसावं माणसानं!" शेजारच्या स्टुलावर माझी मावशी बसली होती. ती काही बोलली नाही. वडिलांच्या अंगावरची चादर तिने नुसती सारखी केली. ही माझी मावशी तेव्हा सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षे परिचारिका होती, आणि कंबरेच्या दुखण्यामुळे त्या आठवड्यात ती स्वतःच रजेवर होती. वैद्यकीय रजेवर असलेली बाई मेहुण्यांच्या उशाशी रात्र काढत होती, आणि भाची तिच्या तोंडावर हे बोलत होती. मी भाषा शिकवते. शब्दांचे वजन कळते असा माझा समज होता!

त्या कंबरेची हकीकत किल्लारीपाशी सुरू होते, म्हणून ती थोडी सांगायला हवी.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून सारा मुलूख गाढ झोपलेला. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. आम्ही तेव्हा लातूरला मावशीच्या शेजारीच राहत होतो. मी तेरा वर्षांची. रस्त्यावर अंथरुणे घेऊन बसलेली माणसे, कुत्र्यांचे ओरडणे आणि अंगात ताप घेऊन काकांच्या खांद्याला टेकलेली मावशी, एवढे मला स्पष्ट आठवते. तिची आजारपणाची रजा सुरू होऊन तीन दिवस झाले होते. उजाडल्यावर बातमी आली, की तिकडे औश्याच्या पलीकडे गावेच्या गावे बसली आहेत. मावशी घरात गेली, पांढरी साडी नेसून बाहेर आली आणि काकांना म्हणाली, "सायकल काढा."

पुढचे आकडे सर्वांना ठाऊक आहेत. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातली बावन्न गावे जमीनदोस्त झाली. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या भागातली घरे दगडमातीच्या रुंद भिंतींची आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच छप्पर झोपलेल्या माणसांवर आले. जखमी माणसे ट्रॅक्टरमधून, मालमोटारींतून, बाजेवर घालून लातूरला, उमरग्याला, सोलापूरला पोचत होती. मावशी त्या दिवसांविषयी फार बोलत नाही. एकदाच म्हणाली होती, "आधी तोंडातली माती काढायची, मग नाव विचारायचं." आठ दिवसांत ती घरी दोनदा आली, तीही आंघोळीपुरती. स्ट्रेचर अपुरी, खाटा अपुऱ्या, माणसे जमिनीवर. तेव्हा वाकून उचलायचे आणि वाकूनच ठेवायचे. कंबरेत पहिली कळ तिथे आली. वय सत्तावीस. त्या वयात कळेकडे कोण बघतो?

परिचारिकेची कंबर हा विषय आपल्याला हसण्यावारी नेण्यासारखा वाटतो. जरा हिशेब करून पाहा. ज्या रुग्णाला स्वतःहून हलता येत नाही, त्याची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. नाहीतर पाठीला शय्याव्रण होते, ते चिघळते आणि मूळ रोग राहतो बाजूला. म्हणजे एका रुग्णामागे दिवसातून बारा वेळा. असे पाच रुग्ण वॉर्डात असले तर साठ वेळा. तीन पाळ्यांत वाटा, आणि मग त्याला तीस-पस्तीस वर्षांनी गुणा! शिवाय उभे राहून पोटऱ्यांच्या शिरा फुगतात, रात्रपाळीने झोप मोडते ती मोडतेच. हमालाच्या पाठीवरचे ओझे दिसते तरी. हिच्या हातातले ओझे 'सेवा' या गोंडस शब्दाखाली झाकलेले असते.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग यांची कहाणी मराठी घरांत बहुतेकांना माहीत आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी या तरुण परिचारिकेवर तिच्याच रुग्णालयात एका सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला. ती पुन्हा शुद्धीवर अशी आलीच नाही. १८ मे २०१५ रोजी, जवळजवळ बेचाळीस वर्षांनी ती गेली. मध्यंतरी तिला तिथून हलवण्याचा महापालिकेचा विचार परिचारिकांनी विरोध करून हाणून पाडला. २०११ साली सर्वोच्च न्यायालयापुढे तिच्या इच्छामरणाचा प्रश्न आला, तेव्हा इतक्या वर्षांत तिला एकही शय्याव्रण झाले नाही हे पुढे आले. वर्तमानपत्रांनी त्याला माया म्हटले. ती माया होतीच. पण मला त्यामागचे दुसरेही काही दिसते. ज्या मुलींचा जन्मही १९७३ नंतरचा, त्यांनी पुढे तिची कूस बदलली, तिला भरवले. हे त्यांना कुणी शिकवले? ज्यांच्या कंबरा तोवर गेल्या होत्या अशा मोठ्या सिस्टरांनी. रुग्णाच्या चेहऱ्यावरून काय ओळखायचे, घास केवढा करायचा, हे कुठल्या पुस्तकातून येत नाही. एका पाळीने दुसऱ्या पाळीला सांगायचे असते.

आता नोकरीची बाजू. सरकारी परिचारिकेला वर्षाकाठी आठ किरकोळ रजा असतात. अर्धवेतनी रजा वर्षामागे वीस दिवस साठत जाते. डॉक्टरांचा दाखला जोडला तर आजारपणात ती पूर्ण पगाराची करून घेता येते, मात्र मग खात्यातून एका दिवसापोटी दोन दिवस वजा होतात. नियम वाईट नाहीत. पण वहीतली रजा आणि हातात पडलेली रजा यांत फार अंतर आहे. मावशीने पन्नाशीनंतर दाखला दिला की कचेरीत भुवया उंचावत. "मॅडम, दर पावसाळ्यात बरं कंबर दुखते!" एकदा तिला तपासणीसाठी वैद्यकीय मंडळापुढे पाठवले. त्याच महिन्यात एका डॉक्टरसाहेबांची पाठ धरली, तर त्यांना सगळे म्हणाले, "सर, आराम करा." पाठ तीच, मणका तोच, खुर्ची वेगळी.

रजा हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ संमती, राजीखुशी. आजार हा फारसी. आमच्या मराठवाड्यात निजामाच्या कचेऱ्यांतून अशा शब्दांचा राबता जास्तच होता. म्हणजे आजार आपला असला तरी रजा दुसऱ्याच्या खुशीची, हे शब्दातच आहे म्हणायचे! शुश्रूषा हा संस्कृत शब्द त्याहून मजेचा. त्याचा धात्वर्थ ऐकण्याची इच्छा. रुग्णाचे ऐकून घेणारी ती शुश्रूषा करणारी. तिचे ऐकून घेणाऱ्यासाठी मात्र शब्द सापडत नाही. असो, वर्गात फळ्यापाशी उभे राहण्याची सवय सुटत नाही.

एकदा मी मावशीची बाजू घेऊन तिच्या वॉर्डातल्या एका तरुण सिस्टरशी बोलायला गेले. म्हटले, वडीलधारीला तुम्ही टोमणे का मारता? ती मुलगी फटकळ निघाली, आणि मला ते आवडले. म्हणाली, "ताई, मॅडम आल्या नाहीत की माझी दुपारची ड्यूटी रात्रीला जोडतात. माझं लेकरू दीड वर्षाचं आहे. चाळीस खाटांना आम्ही दोघी असतो, त्यातली एक गेली. मोठ्यांना ओपीडीची सोपी ड्यूटी, रात्रपाळी माफ. मग त्या रात्री कुणाच्या वाट्याला येतात?" माझ्याकडे उत्तर नव्हते. तिचा राग खरा होता. फक्त तो चुकीच्या माणसावर निघत होता. भारतीय परिचर्या परिषदेचे मान असे, की शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, साध्यात पाचांमागे एक. आणि रजा-आजारपणासाठी वर तीस टक्के जादा. ही जादा माणसे नेमलेली असती, तर मावशीची कंबर त्या लेकराच्या मुळावर कशाला आली असती? जागा भरायच्या नाहीत, आणि मग दोघी बायकांनी एकमेकींच्या रजा मोजत बसायचे! त्यातून अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावरची मुलगी असली, तर अंगात ताप घेऊन ती कामावर येते; पुढचा आदेश निघतो की नाही ही धाकधूक असतेच. २०२२च्या उन्हाळ्यात राज्यातल्या परिचारिकांनी संप केला, तो अशा बाहेरून कंत्राटाने होणाऱ्या भरतीविरुद्धच होता. आणि तापाने फणफणलेली नर्स अशक्त रुग्णाजवळ यावी, हे रुग्णाच्या तरी हिताचे आहे का? करोनाच्या साथीत ते आपल्याला कळले होते. तेव्हा खोकणारीला दारातून परत पाठवत. साथ गेली आणि कळलेलेही गेले.

दरवर्षी १२ मे रोजी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या वाढदिवशी दिवे लावून शपथ घेतली जाते. या बाईंविषयी एक गोष्ट त्या समारंभात सांगत नाहीत. १८५५ साली क्रिमियात त्यांना मरणाच्या दारी नेणारा ताप आला. परतल्यावर, १८५७ पासून, वयाची चाळिशीही झाली नव्हती तोच, त्यांची वर्षानुवर्षे अंथरुणात नाहीतर घराच्या चार भिंतींत गेली. परिचर्येवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक त्यानंतरचे, सेंट टॉमस रुग्णालयातली १८६०ची शाळाही त्यानंतरची. हिंदुस्थानात एकदाही पाऊल न ठेवता इथल्या खेड्यांच्या आरोग्याविषयी त्यांनी जे लिहिले, तेही पडल्यापडल्याच. नव्वद वर्षे जगल्या. आमच्याकडच्या कचेरीने त्यांना दर पावसाळ्याला मंडळापुढे उभे केले असते.

मावशी २०२४ साली अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाली. निरोपसमारंभात शाल, नारळ, भाषणे झाली. ती फटकळ मुलगी सर्वांत जास्त रडली. नंतर कागदपत्रांच्या कामासाठी मी तिच्याबरोबर कचेरीत गेले, तेव्हा सेवापुस्तक उघडलेले होते. १९९३च्या पानावर शाईने नीट लिहिले होते, की सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचे पहिले काही दिवस वैद्यकीय रजा. ज्या आठ दिवसांत ती तोंडातली माती काढत होती, ते दिवस तिच्या खात्यातून वजा झाले होते. रजा रद्द करून घ्यायला अर्ज लागतो, आणि अर्ज लिहायला तेव्हा कुणाला सवड होती? मी लेखनिकाला ते दाखवले. भला माणूस होता. म्हणाला, "बाई, एकतीस वर्षं झाली. आता कोण सही करणार?" मावशी म्हणाली, "राहू दे गं. ताप तर होताच मला."

गेल्या ३० सप्टेंबरला आम्ही दोघी किल्लारीला गेलो. औसा, लामजना करत तिथवरचा रस्ता सोयाबीनच्या काढणीने गजबजलेला होता. जुन्या गावठाणात श्रद्धांजली झाली. परत येताना पाणी प्यायला म्हणून वाटेतल्या एका आरोग्य उपकेंद्रात थांबलो. असे उपकेंद्र पाच हजार वस्तीमागे एक असते. तिथली आरोग्यसेविका पन्नाशीच्या पुढची, गुडघ्याला पट्टा बांधलेला, डोळे लाल. मावशीने न विचारता तिच्या कपाळाला हात लावला.

"रजा का नाही टाकली?"

"कशी टाकू ताई? दार बंद दिसलं की लोक म्हणतात, बाई आल्याच न्हाईत. मागच्या खेपेला सरपंचापर्यंत गेलं."

मावशीने तिला आतल्या तपासणीच्या खाटेवर आडवे व्हायला लावले, गोळी दिली आणि स्वतः बाहेर टेबलामागच्या खुर्चीत हळूहळू, दोन्ही हात टेकवत बसली. मी घड्याळाकडे पाहिले. लातूर गाठायला अंधार होणार होता. इतक्यात कडेवर मूल घेऊन एक बाई पायरी चढून आली आणि अनोळखी चेहरा पाहून उंबऱ्यातच थबकली.

"आमच्या सिस्टर न्हाईत का?"

"आहेत. आत पडल्यात, बरं नाही त्यांना," मावशी म्हणाली. "ये, बस इथं. लेकराला ताप कधीपासून आहे?"