सुपारी (कार्यक्रमाची)

जत्रा, उत्सव, विवाह इ. प्रसंगी कार्यक्रम करणारा व तो करवून घेणारा यांच्यात आगाऊ रक्कम देऊन होणारा प्राथमिक ठराव. विडा-सुपारी देऊन शब्द पक्का करण्याची रूढी जुनी असून तीवरून हे नाव ठरावाला आणि ठरलेल्या बिदागीलाही मिळाले. (गुन्हेगारी जगतातील या शब्दाचा अर्थ अलीकडचा, कल्पना मात्र तीच.) आगाऊ रकमेस इसार, विसार वा बयाणा म्हणतात.

पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे (आताचा राजगड) या तालुक्यांच्या सह्याद्रीलगतच्या भागात पाऊस जोरदार असल्याने उघड्यावरील कार्यक्रम पावसाळ्यापूर्वीच उरकावे लागतात. ग्रामदैवतांच्या जत्रा व लग्नसराई एकाच हंगामात येतात आणि मांडववाले, वाजंत्री, आचारी यांच्याकडे एकाच दिवसाची मागणी अनेकांची असते. जत्रेची तिथी हलत नाही. तमाशाच्या फडाला एका रात्री एकाच गावी उभे राहता येते. सुपारीने मुख्यतः राखली जाते ती तारीख.

याच जिल्ह्यातील नारायणगाव (ता. जुन्नर) हे तमाशाच्या सुपाऱ्यांचे प्रमुख केंद्र होय. हंगामापूर्वी फडमालक तेथे राहुट्या थाटतात. गावोगावचे पंच येऊन तिथीनुसार बिदागी ठरवितात व इसार देतात. गुढीपाडव्यास विशेष गर्दी असते. मागणीची तिथी असेल, तर तोच फड महाग पडतो.

भारतीय करार कायद्यानुसार (१८७२) तोंडी ठरावही ग्राह्य असतो. परंतु अर्थ निश्चित नसलेला किंवा निश्चित करता न येणारा ठराव कलम २९ प्रमाणे निरर्थक ठरतो. म्हणून चिठ्ठीवर केवळ आकडा लिहून भागत नाही. तारीख, स्थळ, खेळाची वेळ, कलावंतांची संख्या, वीज व जेवण कोणी पुरवायचे आणि कार्यक्रम मोडल्यास इसाराचे काय, हे लिहिणे इष्ट. बहुतेक तंटे या शेवटच्या बाबीवरून होतात. भरपाईचा आकडा आधी ठरविला असला, तरी कलम ७४ प्रमाणे त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते. फत्तेचंद विरुद्ध बालकिशनदास (१९६३) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व स्पष्ट केले.

दोघांचाही दोष नसताना कार्यक्रम अशक्य झाला, तर प्रश्न अधिक बिकट होतो. २५ मार्च २०२० रोजी गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. त्या वर्षीच्या जत्रा बुडाल्या. कलम ५६ प्रमाणे असा करार रद्द होतो व कलम ६५ प्रमाणे घेतलेला लाभ परत करावा लागतो. पण फडमालकाने इसाराचे पैसे कलावंतांना उचल म्हणून आधीच वाटलेले असतात. गावाची रक्कमही लोकवर्गणीची असते. पुढील वर्षीच्या तारखेत इसार वळता करणे ही अशा वेळची व्यवहार्य तडजोड होय; परंतु एप्रिल २०२१ मध्ये निर्बंध पुन्हा आल्याने तिचाही आधार उरला नाही. त्यामुळे शासकीय बंदी आल्यास इसार परत करावयाचा, वळता करावयाचा की झालेला खर्च वजा करावयाचा, हे कलमही सुपारीच्या चिठ्ठीत असणे आवश्यक ठरते.