उडी दिसली की

व्हिडिओ गेममध्ये समोरचा उडी मारून अंगावर आला की शोर्युकेन, म्हणजे मूठ उगारून वर झेपावणारा ठोसा, मारायचा. अंगठ्याने पुढे, खाली, खाली-पुढे, आणि सोबत पंचचं बटण. १९८७च्या पहिल्या ‘स्ट्रीट फायटर’पासूनची ही चाल २०२३च्या ‘स्ट्रीट फायटर ६’मध्येही आहे. ट्रेनिंग मोडमध्ये ती मला दहापैकी दहा वेळा जमायची. सामन्यात मात्र उडी डोक्यावर येऊन आदळायची आणि मी खेळवत असलेला र्‍यू उभ्याउभ्या मार अडवत राहायचा.

बोटं मंद आहेत असं मला बरेच दिवस वाटलं. हिशेब केला तेव्हा ते पटेना. गेम सेकंदाला ६० फ्रेम्सनी चालतो. उडी वर जाऊन खाली यायला साधारण पाऊण सेकंद लागतो, आणि दिसल्यावर हात हलायला पाव सेकंदाच्या आसपास. वेळ पुरेसा आहे. पण तो पाव सेकंद एकाच गोष्टीची वाट पाहणाऱ्या माणसाचा. मी त्याच वेळी खालून येणारी लाथ, दुरून फेकलेला हाडोकेनचा गोळा, धावत येऊन धरणं, ड्राइव्ह इम्पॅक्टचा जड फटका अशा सगळ्यांवर नजर ठेवून होतो. खेळणारे याला मेंटल स्टॅक म्हणतात. माझ्या ढिगात उडी तळाशी होती.

मग सराव बदलला. ट्रेनिंगमधल्या डमीच्या हालचाली रेकॉर्ड करून ठेवता येतात. नुसती उडी ठेवली तर थोड्याच वेळात हात तालावर चालतो, डोळे मिटले तरी चाल निघते. म्हणून उडी, हाडोकेन, चालत पुढे येणं आणि काहीच न करता उभं राहणं अशी चार रेकॉर्डिंग केली आणि ती कशीही मागेपुढे येऊ दिली. सगळ्यात जास्त शिकवलं ते उभं राहण्याने. काहीच घडत नसताना शिवशिवणारा अंगठा आवरणं हा या सरावातला अर्धा भाग आहे.

दुसरी अडचण बाजूची. दोघांच्या जागा बदलल्या की चाल आरशातल्यासारखी उलटते. एका बाजूला बसलेला हात दुसऱ्या बाजूला परका होतो, घाईत पहिलं ‘पुढे’ निसटतं आणि शोर्युकेनऐवजी हाडोकेन निघतो. समोरचा त्याच्यावरून येऊन अख्खा कॉम्बो लावतो. तरी ही चूक मला मोलाची वाटते. डोळ्यांनी उडी ओळखली, अंगठा मागे राहिला, एवढं ती स्पष्ट सांगते. काहीच न निघणं हा वेगळा, नजरेचा दोष. तिथे अंगठ्याला घोटवून उपयोग नाही.

महिनाभर रँक्ड सामन्यांत हार-जीत पाहिली नाही. वहीत दोनच रकाने: उड्या किती आल्या, पाडल्या किती. लाथा खाल्ल्या, गुण उतरले, पण नजर वरच ठेवली.

या काळात २००४च्या इव्हो या फायटिंग गेम्सच्या स्पर्धेतला गाजलेला सामना पुन्हा पाहिला. ‘स्ट्रीट फायटर’च्याच ‘थर्ड स्ट्राइक’मध्ये दाइगो उमेहाराच्या केनची ताकद इतकी संपली होती, की जस्टिन वाँगच्या चुन-लीची सुपर मूव्ह नुसती अडवली असती तरी तो हरला असता. त्याने तिचे १५ फटके एकेक करून पॅरी केले, म्हणजे फटका पोचण्याच्या नेमक्या क्षणी स्टिक पुढे नेली. लोक बोटांचं कौतुक करतात. माझं लक्ष पहिल्या फटक्याकडे जातं. तो पाहून परतवण्याइतका वेळच नसतो. उमेहारा त्याची वाट पाहत होता. उरलेल्या चौदांचा ताल हातात मुरलेला असल्याशिवाय डोकं असं वाट पाहायला मोकळं राहत नाही.

गेल्या आठवड्यात एका सामन्यात मी समोरच्याच्या लाथांचं अंतर मोजत होतो. जागा बदललेल्या होत्या, माझी कच्ची बाजू. एकदम र्‍यू मूठ उगारून वर गेला आणि समोरचा हवेतून खाली कोसळला. उडी होती, हे मला त्यानंतर कळलं. वहीत रेघ मारायची राहून गेली.