गल्ल्यावरचा हात

पेढीवर बसलेल्या माणसाचा चेहरा गिऱ्हाईक नंतर पाहते. आधी दिसतो तो त्याचा हात. नोटा मोजणारा, कापडाचा पोत उलगडून दाखविणारा, मोड परत करणारा. या हाताचे एक बोट उणे असले तर व्यवहारात काही खोट येत नाही. तरीही गिऱ्हाइकाची नजर तेथे क्षणभर अडखळते आणि ती अडखळल्याचे ज्याचा हात आहे त्याला सर्वांत आधी कळते. मग हळूहळू तो हात गल्ल्याआड, रुमालात किंवा खिशात राहू लागतो.

पनवेलजवळ सिडकोने वसविलेल्या करंजाड्यातून रोज सकाळी कोणी पनवेलच्या पेठेत, तर कोणी तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो. समजा, त्यांतील एखाद्या तरुणाची तर्जनी प्रेसच्या यंत्रात सापडली. कायद्याकडे या बोटाचा दर ठरलेला आहे. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्यातील अनुसूचीनुसार अंगठा गेला तर कमाईच्या क्षमतेची हानी ३० टक्के, संपूर्ण तर्जनी गेली तर १४, मधले बोट गेले तर १२ आणि करंगळी किंवा अनामिका गेली तर ७ टक्के. याच अनुसूचीच्या आरंभी, दोन्ही हात गमावणे आणि दृष्टी गमावणे यांच्या पंक्तीत, आणखी एक नोंद आहे : चेहऱ्याची अतिशय गंभीर विद्रूपता. तिची हानी १०० टक्के. हातपाय धड असलेला माणूसही केवळ चेहऱ्यामुळे कमाईला पूर्ण मुकू शकतो, हे रुक्ष कायद्याने मान्य केले आहे. घराघरांतून मात्र अजूनही ऐकू येते, ‘दिसण्यासाठी एवढा खर्च कशाला?’

ज्या खर्चाविषयी हा प्रश्न विचारला जातो तो अवयव सिलिकोनचा असतो आणि एकाच माणसाच्या मापाने, एकाच माणसासाठी घडविला जातो. त्याची घडण पाहण्याजोगी आहे. प्रथम उरलेल्या बोटाचा व दुसऱ्या हाताच्या त्याच बोटाचा साचा घेतात. त्यासाठी वापरले जाणारे अल्जिनेट समुद्रशैवालापासून मिळते आणि पाण्यात कालवताच काही मिनिटांत घट्ट होते. मग मेणाचे बोट कोरले जाते. पेरांवरच्या सुरकुत्या, नखाची कड, त्वचेवरील बारीक रेषा हे सारे मेणातच उतरते. ते बोट रुग्णाच्या हाताला लावून पाहिल्यावर त्याचा साचा करून सिलिकोन भरतात. रंग वरून फासत नाहीत. तो थराथरांत मिसळतात. आतल्या थरांत लाल-निळे तंतू पेरले की कातडीखालच्या शिरांचा भास होतो. आपल्याकडे हाताची पाठ, तळवा आणि पेरांवरची कातडी यांच्या रंगांत इतके अंतर असते की ‘गव्हाळ’ या एका शब्दाने कारागिराचे काम भागत नाही. रुग्णाला समोर, दिवसाच्या उजेडात बसवूनच रंग जुळवावा लागतो.

पूर्वी चेहऱ्याच्या काही कृत्रिम भागांसाठी जिलेटिन वापरले जाई, आणि जिलेटिन हा प्राणिज पदार्थ. सिलिकोनचे मूळ वाळूतील सिलिकात आहे. ज्या घरांत औषधाच्या कॅप्सूलचे कवचही तपासून घेतले जाते, तेथे ही माहिती उपयोगी ठरेल.

मेणाची ही युक्ती महाराष्ट्राला नवी नाही. १७९२ च्या युद्धात इंग्रज फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा एक मराठा बैलवाला टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. सुमारे वर्षभर तो तसाच वावरला. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका वैद्याने त्याला नवे नाक दिले. वैद्याने आधी पातळ मेणाचे नाक करून जागेवर बसवून पाहिले, तेच मेण सपाट करून कपाळावर ठेवले, त्याच्या कडेने रेघ आखली आणि तेवढी त्वचा खाली वळवून नाक घडविले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकिकत चित्रासह छापली. ज्याचे नाव कोणी टिपून ठेवले नाही अशा त्या कारागिराकडून युरोपने धडा घेतला. कावसजीच्या हाताचे पुढे काय झाले, याविषयी मात्र त्या हकिकतीत फारसे कुतूहल नाही.

पायाच्या बाबतीत आपल्या समाजाने मोठे काम केले आहे. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण वर्षाच्या निमित्ताने देवेंद्रराज मेहता यांनी १९७५ मध्ये जयपूर येथे भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडविलेला जयपूर फूट तिने गरजूंना विनामूल्य दिला. या पायाचे यश चालण्यापुरते नव्हते. तो खऱ्या पावलासारखा दिसतो, त्यामुळे बुटात दडवावा लागत नाही. अनवाणी मंदिरात जाता येते, मांडी घालून पंगतीत बसता येते. म्हणजे ‘दिसणे’ तेथेही उपयोगाचाच भाग होते. असे असताना दानाच्या यादीत पाय येतो, कुबडी येते, श्रवणयंत्र येते. बोट, कान, नाक मात्र सहसा येत नाहीत. सरकारी साहाय्यासाठी सामान्यतः ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो, आणि एक बोट गमावलेला माणूस त्या आकड्याच्या आसपासही पोहोचत नाही. हीच फट समाजाच्या दानाने भरता येण्याजोगी आहे.

चेहऱ्याची गरज तर अधिक तीव्र. तोंडाच्या कर्करोगात जबड्याचा भाग काढावा लागतो. २०२१ मध्ये करोनानंतरच्या काळ्या बुरशीने महाराष्ट्रात कित्येकांचे डोळे आणि वरचे जबडे गेले. चेहऱ्याचे कृत्रिम भाग करण्याचे शिक्षण दंतवैद्यकाच्या एका शाखेत दिले जाते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. करंजाड्यापासून दूर नसलेल्या कामोठ्यात दंतवैद्यक महाविद्यालय आहे; चौकशीचा आरंभ अशा ठिकाणी करता येतो. नाक चष्म्याच्या आधाराने किंवा वैद्यकीय चिकटद्रव्याने बसते. कानासाठी हाडात टायटॅनियमचे छोटे खुंट बसविण्याची सोयही आहे.

अपेक्षा मात्र आधीच नीट ठरवून घ्याव्यात. सिलिकोनचे बोट स्वतःहून वाकत नाही, त्याला ऊन-थंडी कळत नाही. टोक हुळहुळे असेल तर त्याला संरक्षण मिळते, टंकलेखनात किंवा कागद धरण्यात थोडी मदत होते, एवढेच. रात्री ते काढून ठेवावे लागते, सौम्य साबणाने धुवावे लागते. उन्हाळ्यात माणसाचा हात रापतो, ते रापत नाही. म्हणून काही जण दोन छटांची बोटे करून घेतात. हळदीचा, शाईचा डाग त्यावर बसला की सहज जात नाही. लग्नघरात हळद लावायला पुढे होण्याआधी ते काढून ठेवणे बरे. काही वर्षांत रंग उतरतो, कड फाटते आणि नवे करावे लागते. हा खर्च पुन्हा पुन्हा येणारा आहे, हे कुटुंबाने पहिल्याच दिवशी धरून चालावे. जोड लपविण्यासाठी तेथे अंगठी घालण्याचा तोडगा साधा आहे, आणि व्यापाऱ्याच्या बोटात अंगठी पाहून कोणाला नवल वाटत नाही.

दोन्ही हातांचे तेच बोट गेलेले असेल तर साच्यासाठी नमुना उरत नाही. तेव्हा कारागीर घरातल्यांचे हात पाहतो. भाऊ, बहीण, कधी मुलगा यांपैकी ज्याचे बोट लांबी-जाडीला जुळेल, त्याने ते काही मिनिटे अल्जिनेटच्या पेल्यात बुडवून स्थिर धरायचे असते.