अपग्रेडनंतर बॅकअप का रेंगाळतो?

पोस्टग्रेस्क्यूएलची आवृत्ती बदलली आणि रात्रीचा बॅकअप सकाळपर्यंत लांबला, की संशय थेट नव्या आवृत्तीवर जातो. आधी वेळ कुठे जातो ते पाहावं. 'पीजी_डंप' कॉम्प्रेशन बंद करून चालवावं आणि निघालेला डेटा '/डेव्ह/नल'मध्ये सोडावा. तरीही संथ? मग अडचण वाचनात आहे. झटक्यात संपलं, तर कॉम्प्रेशन किंवा बॅकअपची डिस्क तपासावी.

एक कारण मात्र सहज नजरेतून सुटतं. 18च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये 'पीजी_अपग्रेड' टेबलांची आकडेवारी सोबत आणत नाही. तिच्याविना प्लॅनर अंदाजाने चालतो. हजारो टेबलं असतील तर डंपच्या सुरुवातीच्या क्वेरीही अडकू शकतात. म्हणून 'अ‍ॅनालाइझ' हा अपग्रेडचाच भाग मानायला हवा. डेटाच अवाढव्य असेल, तर डिरेक्टरी फॉरमॅटमध्ये अनेक जॉब एकदम चालवता येतात. ही सोय 2013च्या 9.3पासून आहे.